व्हीएममधला बीटा: आतूनच अपडेट की कोरं इन्स्टॉल?

व्हीएममध्ये (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली ओएस टाकली की दर नव्या बिल्डला (आवृत्तीला) तोच प्रश्न, आतूनच अपडेट मारायचं का नवीन आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. आतून अपडेट सोपं, सेटिंग्ज आणि अ‍ॅप्स जागेवर राहतात, पण जागा जाम खातं, विंडोज ११ ला किमान ६४ जीबी डिस्क लागते आणि मोठ्या अपडेटनंतर जुन्या सिस्टिमचं विंडोज डॉट ओल्ड फोल्डर काही दिवस तिथेच पडून असतं, त्यात आधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतला असेल तर डिस्कचा बदललेला प्रत्येक ब्लॉक (तुकडा) वेगळ्या फाइलमध्ये जातो म्हणजे होस्टची, मूळ कॉम्प्युटरची डिस्क पण फुगते. माझं एकदा ९० टक्क्यांवर अडकलं, रीस्टार्ट केलं तर नुसती काळी स्क्रीन! व्हीएम बंद करून घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून वाचलो.

कोऱ्या इन्स्टॉलला वेळ जातो, गेस्ट टूल्स (व्हीएम नीट चालावी म्हणून आत टाकायची सॉफ्टवेअर) परत टाका, शेअर्ड फोल्डर परत जोडा, वैताग नुसता. पण बग दिसला तर तो नव्या बिल्डचाच, जुन्या कचऱ्याचा नाही हे तरी कळतं. बग रिपोर्ट करणार असाल तर मी कोरंच म्हणेन, नुसतं बघायचंय तर अपडेट मारा की.