बसच्या मागच्या ॲक्सलचा एअर बेलो: बदलीचा माल कोणता घ्यावा

बारा मीटरच्या एअर सस्पेन्शनवाल्या बसला साधारणपणे सहा बेलो, म्हणजे ॲक्सल आणि चेसिसच्या मधले हवा भरलेले रबरी फुगे, असतात, पुढे दोन, मागे चार. गॅरेजात त्यालाच कुणी बलून म्हणतं, कुणी फुगा. मागच्या बेलोचा बदलीचा माल बाजारात तीन तऱ्हेचा मिळतो: पिस्टनसकट (रबर ज्यावर बसतं तो खालचा आधार) अख्खा बेलो, नुसतं रबर, आणि ज्यावर ना पार्ट नंबर ना तारीख असा स्वस्त माल. अख्खा बेलो महाग पडतो, पण घ्यायचा तोच. नुसतं रबर चालेल, मात्र जुना पिस्टन निरोगी असला तरच. तिसऱ्याकडे फिरकू नका.

बेलोचं रबर वजन उचलत नाही, वजन उचलते आतली हवा. मागच्या ॲक्सलवर 10 टन भार आला, त्यातलं चाकं आणि खुद्द ॲक्सलचं वजन वजा केलं, तर चार बेलोंच्या वाट्याला प्रत्येकी सव्वादोन टनांच्या आसपास येतं. बेलोचा परिणामकारक व्यास 24 सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ होतं 452 चौरस सेंटिमीटर, म्हणजे आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 5 किलोचा दाब लागतो. रबराचं काम ही हवा कोंडून ठेवण्याचं आणि पिस्टनच्या अंगावरून वरखाली गुंडाळलं जाण्याचं. त्यासाठी रबराच्या थरांमध्ये दोऱ्याचे दोन पदर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले असतात. निनावी मालात नेमकी इथेच काटकसर होते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

दिसण्यासारख्या गोष्टी मात्र दुकानातच बघून घ्याव्यात. वरच्या प्लेटची कड रबरावर सगळीकडे सारखी मुडपलेली हवी. कुठे फट, कुठे चेपलेलं असेल तर बेलो परत करा. रबरावर छापलेली उत्पादनाची तारीख वाचा. बेलो हातांनी ताणून घडीचा, म्हणजे रबर जिथे दुमडतं तो, भाग उजेडात धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर माल कपाटात म्हातारा झालाय. पार्ट नंबर जुन्या बेलोशी जुळवा, कारण एकाच बाजूच्या दोन बेलोंचे पिस्टन वेगळ्या आकाराचे बसले तर दाब सारखा असूनही दोघं वजन वेगवेगळं उचलतात आणि ॲक्सलच्या आधारावर पीळ येतो.

नुसतं रबर घेणाऱ्याची फसगत पिस्टनवर होते. लोखंडी पिस्टनला गंजाचे खड्डे पडलेले असतात. पॉलिश पेपर मारून ते झाकले तरी रबराची कड बसते तिथून हवा झिरपते, आणि खडबडीत अंगावर रोज हजारो वेळा घासून नवं रबरही लवकर झिजतं. नखाला खड्डा लागला तर तो पिस्टन भंगारात द्या.

आता खरी मेख. बेलो फुटला म्हणून नवा टाकला आणि तोही थोड्याच दिवसांत गेला, की शिव्या बेलोच्या कंपनीला बसतात. पुष्कळदा गुन्हेगार दुसराच असतो. बहुतेक एअर सस्पेन्शनमध्ये गाडी वर उसळताना तिला आवरतो शॉकॲब्झॉर्बर. तो गळका झाला किंवा त्याचा बुश (टोकाच्या सांध्यातलं रबरी अस्तर) संपला की बेलो मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि रबर वरच्या प्लेटपाशी सुटतं. म्हणून जुना बेलो फेकण्याआधी नीट पाहावा. प्लेटच्या कडेला गोल चीर असेल तर शॉक बघा. वरची प्लेट आत दबलेली आणि आतला रबरी ठोकळा (हवा गेली तर गाडी ज्यावर टेकते तो) तुटलेला असेल तर जादा भार, किंवा लेव्हलिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गाडीची उंची राखायला बेलोत हवा भरणारा-सोडणारा व्हॉल्व्ह, हवा भरतच नाहीये. एकाच बाजूला घासून दोरा उघडा पडला असेल तर पाइप, क्लिप किंवा ॲक्सलचे झिजलेले बुश. आणि घडीत खडी-चिखल रुतलेला सापडला, तर तो पावसाळ्यातल्या साइटच्या रस्त्याचा प्रसाद. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर तेल लागलंय. बाहेरून असेल तर वॉशिंग सेंटरवर गंजू नये म्हणून मारलेला डिझेलचा फवारा. आतून असेल तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय.

बदलण्याच्या कामात घाई करू नये. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, चेसिसखाली दोन्हीकडे घोड्या (लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर किंवा हवेवर उभ्या असलेल्या बसखाली डोकं घालायचं नाही. बेलोतली हवा गेली की चेसिस क्षणात खाली बसते. मग लेव्हलिंग व्हॉल्व्हला ॲक्सलशी जोडणारी दांडी सोडवून व्हॉल्व्हचा हात (आर्म) खाली दाबायचा आणि सगळी हवा सोडायची. हवा पूर्ण गेल्याशिवाय नळीच्या नटाला पाना लावू नये. बसायच्या जागा घासून साफ करा. वरचे नट आधी हातानं लावा, मग कंपनीनं दिलेल्या टॉर्कवर आवळा. फायबरच्या पिस्टनला एअर गन लावली की तळाला तडा गेलाच म्हणून समजा. बेलोभोवती सगळीकडे किमान 25 मिलिमीटर मोकळी जागा ठेवा.

सगळ्यात जास्त नवे बेलो यापुढच्या पायरीला खराब होतात. रिकाम्या बेलोवर गाडी खाली सोडली की रबर पिस्टनवर गुंडाळलं न जाता आतल्या आत दुमडतं आणि चिमटतं. म्हणून घोड्या काढण्याआधी 1 ते दीड किलो हवा भरा, घडी चारी बाजूंनी सारखी आली का ते बोट फिरवून पाहा, मगच गाडी उतरवा. आणि नवा बेलो तपासायला म्हणून जमिनीवर ठेवून कधीच फुगवू नका. 7 किलो दाबाला त्याच्या तोंडावर तीन टनांहून जास्त जोर असतो. तो अडवायला वर चेसिस नसेल तर प्लेट गोळीसारखी सुटते.

हवा भरल्यावर साबणाचं पाणी लावा: प्लेटची कड, पिस्टनची कड, नळीचा सांधा. मग गाडीची उंची. गाडी रिकामी, सपाट जागेवर, हवेच्या टाकीत पूर्ण दाब असताना मोजायची आणि व्हॉल्व्हच्या दांडीची लांबी बदलून जुळवायची. स्पीडब्रेकरला पोट घासू नये म्हणून ड्रायव्हर दोन इंच उंची मागतात, ती देऊ नये. दाब वजनावर ठरतो, त्यामुळे उंची वाढवून गाडी ताकदवान होत नाही. फक्त बेलो आधीच अर्धा ताणलेला राहतो आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद ॲक्सलला देणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून गाडी थरथरते.

देखभाल फार नाही, पण चुकवू नये. टाकीचं पाणी नियमित सोडा. ड्रायरची (हवेतली ओल टिपणाऱ्या यंत्राची) कार्ट्रिज कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे बदला. टाकीतून तेलकट दुधी पाणी आलं तर त्याआधीच, आणि कॉम्प्रेसरही तपासा. बेलो धुवायला साधं साबण-पाणी पुरतं. डिझेल, रॉकेल, थिनर, वाफेचा झोत, काहीही नको. शेजारी वेल्डिंग करायचं तर बेलो काढूनच ठेवा, निदान ओलं गोणपाट तरी झाका. रात्री पूर्ण हवेवर लावलेली बस सकाळी एकाच बाजूला कललेली दिसली तर आधी त्या बाजूच्या व्हॉल्व्हवर आणि सांध्यांवर साबण-पाणी मारा. बऱ्याचदा गळती तिथेच निघते आणि बेलो वाचतो.

ट्यूबसारखं पंक्चर काढून देणारे भेटतात. सतत दुमडणाऱ्या रबरावर ठिगळ टिकत नाही, पैसे वाया. वाटेत बेलो फुटलाच तर बस आतल्या ठोकळ्यावर बसते. प्रवासी उतरवून, अगदी हळू, जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यावी. आणि गाडीत जादा बेलो ठेवायचा असेल तर डिकीत जॅक-पान्यांच्या ढिगात नको. काळ्या पिशवीत घालून, नळीच्या तोंडाला टोपण लावून, उन्हापासून आणि बॅटरीपासून लांब ठेवावा.