रोज ऐकायला कोणती प्रत घ्यावी: मूळ ब्लू नोट, जपानी की नवी?

बेसबॉलची एक इनिंग आणि एलपीची एक बाजू, दोन्ही साधारण अठरा-वीस मिनिटांत आटोपतात. हा मेळ पूर्वी बसत नव्हता. 2023 मध्ये पिचरच्या डोक्यावर घड्याळ बसलं (बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा) आणि तीन तास रेंगाळणारा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत संपायला लागला. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या घरी एप्रिल ते सप्टेंबर एकच क्रम चालतो: टीव्हीवर मेट्स हा आमचा बेसबॉल संघ, आवाज बंद, बाजूला रेकॉर्ड. इनिंग संपली की उठायचं, बाजू पालटायची. गॅरी कोहेनसारख्या समालोचकाचा आवाज बंद करणं हे पाप आहे, मान्य. पण मोसमात 162 सामने असतात आणि आमच्या संघानं शेवटचं विजेतेपद मिळवलं ते 1986 मध्ये. सगळा जीव त्यात घालणं परवडत नाही.

हे एवढं सांगितलं कारण ‘ब्लू नोटची (जॅझच्या रेकॉर्ड काढणाऱ्या अमेरिकी कंपनीची) कोणती प्रत घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो, ऐकणार कसं? दिवे मालवून, खुर्ची मधोमध ठेवून, की माझ्यासारखं, एक डोळा स्कोअरवर आणि हातात शेंगदाणे?

मूळ, म्हणजे पहिल्या छपाईच्या प्रतीचा मोह मला कळतो. ब्लू नोटचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे आणि हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या घराच्या बैठकीत ही ध्वनिमुद्रणं करायचे. 1959 मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधेपर्यंत हेच चाललं. ते गाव माझ्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत त्यांच्या नावाची खूण आणि कानासारखं दिसणारं एक अक्षर सापडलं, की रेकॉर्ड प्लास्टिलाइट कारखान्यातली, म्हणजे 1966 च्या आसपास किंवा त्याआधीची. मोनोतली चांगली प्रत लागली की ट्रम्पेट अक्षरशः खोलीत येऊन उभा राहतो. यात अतिशयोक्ती नाही.

पण ‘चांगली’ हा शब्द महागात पडतो. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या काही मूळ प्रती हजारो डॉलरला जातात. त्याहून वाईट म्हणजे, पन्नासच्या दशकातल्या जड सुयांनी चर आतून खाल्लेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी एकदा ‘जवळजवळ नवी’ म्हणून घेतलेली प्रत उजेडात तिरकी धरली तर आरशासारखी चमकत होती. वाजवली तर दुसऱ्या बाजूला भजी तळल्यासारखा आवाज. आर्ट ब्लेकीच्या ड्रममध्ये तो खपून जातो. पियानोच्या संथ चालीत नाही खपत. शिवाय अशी प्रत ताटलीवर फिरत असताना शेंगदाण्याचे हात घेऊन कोण जवळ जाईल?

आणि मूळ म्हणजे बिनचूक, हाही समज सोडा. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. (तो कोलंबियाचा, ब्लू नोटचा नाही.) 1959 मध्ये टेपच्या वेगात गडबड झाली आणि पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात छापल्या गेल्या. ती चूक 1992 च्या आवृत्तीत सुधारली. तेहतीस वर्षं लोक तो चढा सूरच खरा मानून ऐकत होते.

जपानी प्रतींचं वेगळंच. किंग कंपनीनं 1977 ते 1983 या काळात काढलेल्या ब्लू नोट प्रती इतक्या शांत असतात की सुई टेकली की नाही, अशी शंका येते. कव्हरवरची कागदी पट्टी, ‘ओबी’, शाबूत असेल तर भाव चढतो. ऐकणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. या प्रती मूळ टेपच्या नकलेवरून कापलेल्या (म्हणजे चर कोरलेल्या), त्यामुळे माझ्या कानाला खर्ज जरा हलका वाटतो. तरी आवाज कमी ठेवून ऐकणाऱ्याला, सदनिकेत राहणाऱ्याला, खालच्या मजल्यावर तान्हं मूल असलेल्याला याहून बरी प्रत नाही.

नव्यांत दोन मालिका आहेत. 2019 पासूनची ‘टोन पोएट’: जो हार्ली निवड करतात, केव्हिन ग्रे मूळ टेपवरून कापतात, जाड चकचकीत कव्हर, किंमत चाळीस डॉलरच्या आसपास. आणि ‘क्लासिक व्हायनल’: कापणारे तेच ग्रे, कव्हर साधं, किंमत बरीच कमी. माझ्या ऐकण्यात दोघांत कव्हराइतका फरक आवाजात नाही, म्हणून रोजच्यासाठी मी डोळे मिटून दुसरी घेतो. नवी प्रतही कधी वाकडी निघते, पण ती बदलून मिळते. 1958 ची कोण बदलून देणार?

सीडी? स्वस्त, टिकाऊ, आणि तासभर उठायला लागत नाही. माझ्या घरी नेमकी हीच तिची अडचण, कारण न उठता तीन इनिंग गेल्या की मी झोपलेला असतो.

जाता जाता एक गंमत. ‘जॅझ’ हा शब्द छापील स्वरूपात अगदी सुरुवातीला सापडतो तो 1912 मध्ये, लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात आणि क्रीडावार्तांत: बेन हेंडरसन नावाच्या पिचरच्या वळणाऱ्या चेंडूबद्दल. त्यामुळे आवाज बंद करून मॅच बघण्याला मी दोघांचा अपमान मानत नाही.

तेव्हा पहिल्या दहा रेकॉर्ड नव्याच घ्या, साध्या कव्हरातल्या. त्यातली जी घासून घासून पाठ होईल, तिची जपानी प्रत शोधा. मूळ प्रत घ्यायचीच तर एकच, आणि विकणाऱ्याकडे बसून दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय पैसे काढू नका. माझ्याकडे तशी एक आहे. वर्ल्ड सिरीज संपली, टीव्ही बंद झाला आणि बाहेर थंडी पडली, की नोव्हेंबरात ती कपाटातून खाली उतरते.