आकडा बरोबर, पण कधीचा?

नाशिकला गंगापूर रोडवर मी सीपीएलच्या, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या मुलांना मेटिऑरॉलॉजी शिकवते. दीड वर्षापासून हे वैमानिकांसाठीचं हवामानाचं अ‍ॅप वर्गात रोज उघडतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते रनवेचं चित्र. व्हीएओझेड हा नाशिकच्या ओझर विमानतळाचा कोड टाकला की तिथला तीन हजार मीटरचा ०९-२७ रनवे (एका बाजूने दिशा ९० अंश, दुसऱ्या बाजूने २७०) समोर येतो आणि त्यावर मेटारमधला, म्हणजे विमानतळाच्या हवामान रिपोर्टमधला वारा बाणाने दिसतो. पावसाळ्यात २४० अंशांवरून १६ नॉट वारा असेल, तर २७ वर ८ नॉट क्रॉसविंड (आडवा वारा), १४ नॉट हेडविंड (समोरचा वारा). फळ्यावर साइन-कोसाइन मांडून जे मुलांच्या गळी उतरत नव्हतं, ते तो तिरका बाण पाहून लगेच उतरलं. मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेवरून मोजतात, रनवेचा आकडा चुंबकीय उत्तरेवरून. आपल्याकडे फरक नगण्य. पण परदेशातले विमानतळ काढून मी मुद्दाम तपासलं, अ‍ॅप तो फरक धरतं.

डेन्सिटी अल्टिट्यूडही देतं. ओझर जवळपास दोन हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की विमानाला हवा साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. छोट्या विमानाला टेकऑफसाठी किती जास्त पळावं लागेल, ते मुलांना तेव्हा कळतं.

आता तक्रार. होमस्क्रीनवरच्या विजेटमध्ये रिपोर्टची वेळच नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला एका मुलाने फोन पुढे केला, "मॅडम, व्हिजिबिलिटी ५०००. व्हीएफआरला चालेल ना?" व्हीएफआर म्हणजे बाहेर नजरेने बघत विमान उडवणं. माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. अ‍ॅप उघडलं. १४११३०झेड. म्हणजे १४ तारखेचे साडेअकरा यूटीसी, आपले आदल्या संध्याकाळचे पाच! रिफ्रेश केल्यावर खरा रिपोर्ट आला: धुकं, ८०० मीटर. रात्री नेट गेलं आणि विजेट जुनाच आकडा तितक्याच ठळक अक्षरात दाखवत बसलं. पोरगं हुशार आहे, त्याने विचारलं तरी. हवामानाचा आकडा वेळेशिवाय द्यायचाच नाही, हे मी पहिल्या तासाला शिकवते.

नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनाही तीन स्क्रीन आत आहेत. रनवे आज दोन तास बंद असेल, तर ते रनवेच्या चित्रावरच लाल रंगात दिसायला हवं.

पाचपैकी साडेतीन. अ‍ॅपवाल्यांना दोनदा मेल केलाय. तोवर वर्गातल्या सगळ्यांना विजेट काढून टाकायला लावलंय.