‘सवय होईन भाऊ’: पहिली स्पोर्ट बाईक आणि माझे 95 हजार

गेल्या दसऱ्याला मी 95 हजार रुपये मोजून एक सेकंड हँड यामाहा आर-15 घेतली. आज ती नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी आहे आणि मी पुन्हा बाबांच्या ऍक्टिव्हावर विमानतळाजवळच्या मिहान उद्योगनगरीत जातो. पाच-सात वर्षं गाड्या चालवलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, ते तसेही फसले नसते. त्या दुकानदाराला माझ्यासारखी गिऱ्हाइकं लागतात, ज्यांनी आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही आणि ज्यांना फेअरिंगवाली, म्हणजे इंजिनावर प्लास्टिकचं आवरण असलेली, गाडीच पाहिजे असते.

गंमत म्हणजे गाडी कोणती घ्यायची हे मी नीट ठरवलं होतं. यादीत तीन गाड्या होत्या: केटीएम आरसी 200, पल्सर आरएस 200 आणि यामाहा आर-15. पहिल्या दोन्हींची ताकद 25 पीएसच्या (साधारण हॉर्सपॉवरच) आसपासची. घरची ऍक्टिव्हा जेमतेम 8 पीएसची. एकदम तिप्पट उडी नको, असं मीच मला समजावलं. आर-15 चं तिसरं व्हर्जन 155 सीसीचं, 19 पीएसच्या आगेमागे, सीटची उंची 815 मिलिमीटर. माझी उंची साडेपाच फूट, म्हणजे टाचा नाही पण चवडे तरी पक्के टेकतात. एवढा हिशोब करणारा माणूस पुढे असा बावळट कसा निघाला, ते मलाही नीट सांगता येत नाही.

नवी ऑन-रोड दोन लाखांवर जात होती, म्हणून सेकंड हँड. शहरात एका रस्त्याला अशा गाड्यांची दुकानं ओळीनं आहेत, त्यातलं एक. नाव लिहीत नाही. नवरात्राची पाचवी-सहावी माळ असेल. गाडी शेडमध्ये, निळी, पॉलिश मारून अशी चकचकीत की माझं तोंड टाकीत दिसत होतं. मी येणार हे फोनवर सांगितलं होतं. पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. तेव्हा वाटलं, कोणी चक्कर मारून आलं असेल. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उचलतं की खोकतं, हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून गाडी आधीच तापवून ठेवतात, हे फार उशिरा समजलं. आता कोणाबरोबर गाडी पाहायला गेलो की आधी इंजिनाजवळ हात नेतो. ऊब लागली तर ‘दोन तासांनी येतो’ म्हणतो.

‘डॉक्टरच्या पोराची गाडी हाये भाऊ. तो पुण्याले गेला शिकायले. फुटाळ्यापर्यंतच चालवली, बाकी घरीच उभी.’ 2019 ची गाडी, फर्स्ट ओनर, मीटरवर 14,600. आरसीचा, म्हणजे नोंदणीच्या कागदाचा, फोटो त्यानं व्हॉट्सऍपवर टाकला. ‘कामठीचा एक कस्टमर संध्याकाळी येऊन राहिला. तुम्हाले दसऱ्याले घरी पाहिजे असन तर टोकन देऊन टाका.’ दसऱ्याचं नाव निघालं आणि माझा मेंदू तिथेच बंद पडला. आईला त्याआधीच सांगून बसलो होतो की यंदा ऍक्टिव्हाशेजारी आणखी एका गाडीची पूजा आहे.

टेस्ट राइड गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, मागे त्याचा पोरगा बसलेला. वेग वीसच्या वर गेलाच नाही. तरी हँडल उजवीकडे ओढतंय असं वाटलं आणि मी ते बोललोही. तो हसला. ‘क्लिप-ऑन, म्हणजे खालचं हँडल आहे ना भाऊ. स्पोर्ट बाईक अशीच असते. ऍक्टिव्हावाल्याले सुरुवातीले असंच वाटते. सवय होईन.’

या एका वाक्यात त्यानं मला खिशात घातलं. कारण ते अर्धं खरं आहे. स्पोर्ट बाईकवर मनगटांवर वजन येतं, पहिले पंधरा दिवस मान धरते. हँडल कमी वळतं, म्हणून इतवारीच्या गल्लीत यू-टर्न घेताना दोनदा मागेपुढे करावं लागतं. उन्हाळ्यात सिग्नलला उभं राहिलं की फेअरिंगमधून गरम हवा मांडीवर येते, आणि नागपूरचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. या सगळ्याची सवय होते. पण सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणं, ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरणं, याची सवय करायची नसते, त्याची दुरुस्ती करायची असते. दोन्हींतला फरक ज्यानं धडधाकट गाडी चालवलेली आहे त्यालाच कळतो. मी चालवलेलीच नव्हती. त्यामुळे गाडीतला प्रत्येक दोष मला माझाच दोष वाटला.

दसऱ्याला आईनं झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गर्दीतून हळूहळू चालवत गाडी घरी आणली होती, तेव्हाही ती ओढतच होती. पुढचा महिनाभर मी स्वतःला सुधारत होतो. गुडघ्यांनी टाकी कशी धरायची याचे व्हिडिओ पाहिले, ग्लोव्ह्ज बदलले. एक मित्र म्हणाला, तू उजवा हात जास्त दाबतोस. मी तेही मान्य केलं आणि आठवडाभर उजवा हात सैल सोडून चालवली.

मग एका सकाळी नरेंद्रनगरच्या पुलाखाली समोरचा ऑटो अचानक थांबला. तिथे थोडं पाणी साचलेलं होतं. मी पुढचा ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी जाम झालं आणि मी गाडीसकट आडवा. वेग तीसच्या आतला, म्हणून गुडघा आणि कोपरावरच निभावलं. रस्त्याच्या कडेला बसून पँट झटकताना डोक्यात आलं की या गाडीला तर एबीएस आहे, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चाक जाम झालंच कसं?

सक्करदऱ्यात एक चाचा आहेत, चाळीस वर्षं पाने फिरवणारे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चावी फिरवली, मीटरकडे पाहिलं, चावी बंद केली. परत फिरवली. ‘एबीएस का लाइट कहाँ है बेटा?’ चावी फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि गाडी थोडी चालली की विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. आणि मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो लपवलाय. मीटर उघडलं तेव्हा त्या दिव्यावर आतून काळी टेप होती. नखानं खरवडून त्यांनी ती काढली आणि दिवा लागला. तो नंतर विझलाच नाही.

मग ऍलन की घेऊन त्यांनी फेअरिंग उतरवली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. हेच मी दुकानात पैसे द्यायच्या आधी करायला सांगायला हवं होतं, आणि दुकानदार नाही म्हणाला असता तर तेवढ्यावरच उत्तर मिळालं असतं. साध्या गाडीचं सगळं उघड्यावर असतं, पडली तर दिसतं. फेअरिंगवाल्या गाडीचे हाल प्लास्टिकच्या आत असतात. आतले लॉक तुटलेले, एम-सीलनं भरलेले, दोन ठिकाणी केबल टाय. फ्रेमवर जिथे हँडल पूर्ण वळल्यावर अडतं, तो लोखंडी स्टॉपर एका बाजूनं चेपलेला आणि त्यावर ब्रशनं काळा रंग मारलेला. समोरून जोरात धडक बसली की हँडल पूर्ण फिरून तिथे आदळतं. हा स्टॉपर चाचांनी मला बोट ठेवून दाखवला. रंगाखाली खड्डा हाताला लागत होता. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्यांपैकी एक वाकलेली. फ्रेमही किंचित गेली असावी, ती सरळ होते म्हणणारे बरेच भेटतील, असं ते म्हणाले आणि गप्प बसले.

सगळ्यात भारी पुढचं चाक. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर 1418, म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. गाडी 2019 ची, मग टायर तिच्याआधी जन्मलं कसं? कारण आर-15 चं हे व्हर्जन 2018 मध्ये आलं तेव्हा त्याला एबीएस नव्हतं, ते 2019 मध्ये आलं. कुठल्या तरी भंगारातल्या बिनाएबीएस गाडीचं अख्खं चाक टायरसकट माझ्या गाडीला बसवलेलं. चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएसच्या सेन्सरला लागणारी रिंग त्यावर नाहीच. म्हणून दिवा कायम जळत राहणार, म्हणून टेप.

मीटरची गोष्ट थोडक्यात सांगतो. सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर दिला, त्यांच्याकडे शेवटची नोंद 31,200 किलोमीटरची. डिजिटल मीटर मागे नेता येतं. पण फूटरेस्टचं रबर आणि चेन स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या चक्राचे) दात मागे नेता येत नाहीत, माझ्या स्प्रॉकेटचे दात मांजराच्या नखांसारखे वळलेले होते.

कागदांचं तर विचारूच नका. सरकारच्या एमपरिवहन ऍपमध्ये गाडीचा नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतो. मी तो टाकला पडल्यानंतर. तिसरा मालक, आणि वर एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा चढलेला. कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 असल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा उतरल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होत नाही. दुकानदारानं दिले होते ते गाडी नावावर करायचे, सही केलेले फॉर्म 29 आणि 30, आणि ‘एनओसी आठ दिवसांत येईन’. म्हणजे मी पडलो त्या दिवशी आरसी दुसऱ्याच्या नावावर, विमा दुसऱ्याच्या नावावर. कोणाला लागलं असतं तर? 2018 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गाडी विकून टाकली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार. म्हणजे ज्याला मी ओळखत नाही असा कोणीतरी माझ्यापायी कोर्टात उभा राहिला असता. आपली जुनी गाडी नुसती सही करून विकणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवा.

दुकानात परत गेलो. त्यानं चहा मागवला. ‘तुम्ही चालवून पाह्यली होती ना भाऊ? लिहून देल्लं ना तुम्ही?’ स्टॅम्प पेपरवर खरंच होतं: गाडी तपासून जशी आहे तशी घेतली. त्यात विकणारा म्हणून आरसीवरच्या मालकाचं नाव, घेणारा म्हणून माझं. दुकानाचं नाव कुठेच नाही. 70 हजार रोख दिले, पावती नाही. 25 हजार यूपीआयनं, तेही दुकानाच्या नाही, कोणा तिसऱ्याच्याच खात्यात. म्हणजे कागदोपत्री हा माणूस या व्यवहारात हजरच नव्हता.

कॉलेजची एक मैत्रीण वकिली करते. ती म्हणाली, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. पण ‘विकलं यानंच’ हे दाखवायला हातात काय आहे, असं तिनं विचारलं तेव्हा माझ्याकडे व्हॉट्सऍपवरचे पाच मेसेज होते. तिच्याकडूनच आणखी एक कळलं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आहे तोवर मालक म्हणून जबाबदारी त्याचीच. ‘अधिकारपत्र दाखवा’ एवढं म्हणालो असतो तर त्यानं बहुतेक मलाच दुसरं दुकान दाखवलं असतं. तक्रार केली आहे. तारखा पडताहेत.

गाडी नीट करायची तर नळ्या, चाक, एबीएसचं काम धरून चाचांनी 28 हजारांचा अंदाज दिला, फ्रेमची हमी नाही. विकायची तर बोजा आहे. आणि समजा बोजा उतरला, तरी विकताना समोरच्याला काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही. मागच्या आठवड्यात शेजारचा बारावीतला पोरगा ताडपत्री उचलून विचारत होता, दादा, देणार का? मी त्याला स्टॉपरवरचा खड्डा दाखवला.

ते दुकान नेमकं माझ्या मावशीच्या घराच्या रस्त्यावर आहे. परवा ऍक्टिव्हावरून जाताना सिग्नलला थांबलो. तो बाहेर खुर्ची टाकून बसला होता, त्यानं हात वर केला.

‘काय भाऊ, गाडी कशी चालून राहिली?’