डोळ्यांच्या रोझेशियासाठी शेकपट्टी: उपयोग आणि मर्यादा

रोझेशिया म्हणजे केवळ गाल व नाक लाल करणारा त्वचाविकार, असा माझा समज होता. पापण्यांच्या कडा सुजून डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी तो समज दूर केला. या विकारात पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतील तेल घट्ट होते, अश्रूंवरचा तेलकट थर विरळ होतो आणि अश्रू लवकर उडून जातात. त्यांच्याच सल्ल्याने मायक्रोवेव्हमध्ये तापवायची, मण्यांनी भरलेली शेकपट्टी घेतली.

ओला रुमाल दोन-तीन मिनिटांत निवतो. ही पट्टी सुमारे १० मिनिटे ऊब धरते, आणि ते तेल पातळ होण्यासाठी ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब टिकणेच महत्त्वाचे असते. शेकानंतर पापण्यांना हलका मसाज केला की सकाळचा चिकटपणा बराच कमी होतो. मात्र पट्टी असमान तापते, म्हणून आधी मनगटावर पारखावी लागते. शिवाय ती रुंद असल्याने गालांनाही शेक लागतो, आणि उष्णतेने लाली भडकणाऱ्या आमच्यासारख्यांना ते मुळीच परवडत नाही. (पट्टी नेमकी कोणासाठी बनवली, असा प्रश्न पडतो.)

वेष्टनावरचा ‘संपूर्ण उपाय’ हा दावा मला आक्षेपार्ह वाटतो. दाह कॉर्नियापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलापर्यंत पोहोचला, तर बहुधा त्याच्या खालच्या भागात रक्तवाहिन्या शिरतात, व्रण पडतात, पटल पातळ होते आणि क्वचित त्याला छिद्रही पडते. दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधूक दिसणे सुरू झाले, की पट्टी बाजूला ठेवून त्वरित तपासणी करून घ्यावी लागते.