जामोवी आणि आर: सर्व्हेतल्या मीडियनची तुलना, सात-आठ महिने वापरल्यानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. जामोवी हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर रोजच्या कामाला झकास आहे, पण सर्व्हेत वेट (एक उत्तर किती लोकांच्या वतीने मोजायचं तो आकडा) आणि क्लस्टर (एकाच ठिकाणची घरं गठ्ठ्याने निवडणं) असतील तर गटांच्या मीडियनची, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, तुलना त्याच्या मेनूतून करू नका, सरळ आर उघडा, म्हणजे कोड लिहून आकडेवारी करायची भाषा. आणि दोन्हीत जी पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती अगदी कमी असली की फरकाला सिग्निफिकंट किंवा लक्षणीय म्हणतात) येते ती मीडियनचीच आहे असं धरून चालू नका, हे जास्त महत्त्वाचं.

आमचं काम म्हणजे मुंबईत आणि आसपास घरोघरी जाऊन केलेले सर्व्हे. घरभाडं, महिन्याचा खर्च, कामावर जायला लागणारा वेळ, असलं सगळं. यात सरासरी घेऊन उपयोग नसतो, दोन-चार घरांचं भाडं ऐंशी हजार निघालं की अख्ख्या वॉर्डाची सरासरी वर जाते, म्हणून मीडियन. आधी ऑफिसात पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, त्याचं लायसन्स संपलं आणि रिन्यू करायला कोणी तयार होईना, मग जामोवी. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आतून आरवरच चालतं.

पहिल्या आठवड्यातच आवडलं. डिस्क्रिप्टिव्हजमध्ये भाडं टाका, स्प्लिट बायमध्ये वॉर्ड टाका, मीडियन आणि आयक्यूआरला (मधले निम्मे आकडे किती पसरलेत ते) टिक करा, टेबल समोर हजर, आणि डेटात एखादा आकडा दुरुस्त केला की टेबल आपोआप बदलतं, परत सगळं रन करत बसावं लागत नाही. मला तर हेच सगळ्यात सोयीचं वाटलं कारण फील्डवरून दुरुस्त्या शेवटच्या दिवसापर्यंत येतच असतात.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा. आमच्या काही मुलींनी टॅबवर मराठी कीबोर्ड लावून आकडे भरले होते, म्हणजे साठ मिनिटं इंग्रजी आकड्यांत नाही, मराठी आकड्यांत. ते सॉफ्टवेअरला नंबर वाटतच नाहीत, टेक्स्ट वाटतात. अख्खा कॉलम नॉमिनल, म्हणजे नुसत्या नावांचा, होऊन बसतो, नावापुढे पट्टीच्या ऐवजी तीन गोळे दिसतात आणि टेस्टच्या डिपेंडंटच्या खान्यात (ज्या आकड्यांची तुलना करायची तिथे) तो कॉलम जातच नाही. आरमध्ये तर नंबर करायला गेलात की सगळे एनए, म्हणजे रिकामे. उपाय सोपा आहे, एक्सेलमध्ये फाइंड-रिप्लेस करून दहाही आकडे बदलून घ्या, पण कॉलमचं चिन्ह बघायची सवय लावून घ्या.

आता मुख्य मुद्दा. दोनपेक्षा जास्त गट असले की सगळे क्रुस्काल-वॉलिस नावाची टेस्ट लावतात, जामोवीत अ‍ॅनोव्हाच्या मेनूत खाली नॉनपॅरामेट्रिकमध्ये आहे, एका टिकमध्ये जोडी-जोडीची तुलनाही मिळते, डीएससीएफ नावाची, फरक किती मोठा ते सांगणारा एप्सिलॉन स्क्वेअरही मिळतो. सगळं इतकं हाताशी आहे की वर मीडियनचं टेबल आणि खाली पी व्हॅल्यू बघून माणूस लिहून मोकळा होतो की मीडियनमध्ये लक्षणीय फरक आहे. पण ही टेस्ट मीडियन बघतच नाही, रँक बघते, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर कोणाचा कितवा नंबर ते. म्हणजे एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या माणसापेक्षा सहसा वर पडतो का, हा तिचा प्रश्न. सगळ्या गटांत आकडे पसरण्याची ठेवण सारखी असेल आणि ती फक्त पुढेमागे सरकलेली असेल तरच त्याचा अर्थ मीडियनचा फरक असा लावता येतो, आणि सर्व्हेत असं नशीब क्वचित.

करून बघा. पहिल्या गटात पाच जण, प्रवासाचा वेळ २०, ३०, ६०, ६०, ६० मिनिटं. दुसऱ्यात ६०, ६०, ६०, ९०, १२०. दोन्हीकडे मीडियन ६०, फरक शून्य. आता एकेकाची एकेकाशी जोडी लावा, एकूण २५ जोड्या. १६ जोड्यांत दुसऱ्या गटातला माणूस जास्त वेळ घालवतो, ९ बरोबरीत, पहिल्या गटातला एकदाही पुढे नाही. हेच प्रमाण ठेवून प्रत्येक गटात शंभर जण घ्या, पी व्हॅल्यू शून्याला चिकटते. मीडियन मात्र साठच्या साठ! आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाने असंच टेबल आणून विचारलं, "ताई, दोन्ही सारखे आहेत आणि सिग्निफिकंटपण आहे, हे कसं लिहायचं?" मी म्हटलं, मीडियन सारखे आहेत पण पसारा वेगळा आहे असंच लिही, जे दिसतंय ते.

आणि हे काय मुद्दाम बनवलेलं उदाहरण नाही हो, मुंबईत प्रवासाचा प्रश्न विचारा, विरारवाला असो की डोंबिवलीवाला, उत्तर येतं "तासभर", "दीड तास", सत्तेचाळीस मिनिटं कोणी सांगत नाही. सगळे आकडे ३०, ६०, ९० वर गोळा होतात. आरमध्ये दोन छोट्या गटांची विलकॉक्सन (दोन गटांची रँक टेस्ट) लावली की म्हणूनच वॉर्निंग येते, टाय, म्हणजे सारखेच आकडे, आहेत, एक्झॅक्ट पी काढता येत नाही. तिला घाबरू नका, पण ती काय सांगतेय ते वाचा. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात ते विचारणाऱ्या सरकारी टाइम यूज सर्व्हेतही थोडं असंच, तिथे दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत नोंदवलेला असतो. २०१९ च्या रिपोर्टात घरकामाला बायका २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ असे आकडे आहेत, पण ते सरासरीचे, तेही जे घरकाम करतात त्यांचेच. युनिट लेव्हल डेटातून, म्हणजे एकेका माणसाच्या नोंदींतून, मीडियन काढायला बसलात तर तो टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, आणि छोट्या गटांत एका उडीलाच आपण शोध समजून बसतो.

वेटची गोष्ट वेगळीच. देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था जो एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) करते त्याचा डेटा ज्यांनी हाताळलाय त्यांना माहीत असेल, वेटच्या कॉलमला आधी दहा लाखांनी भागावं लागतं. न भागता ते वेट फ्रिक्वेन्सी म्हणून कुठे लावलं तर सॉफ्टवेअरला वाटतं एका बाईच्या मागे दहा लाख बायका आहेत, मग जगातली कुठलीही गोष्ट सिग्निफिकंट. भागलं तरी क्लस्टर उरतोच. एकाच चाळीतल्या वीस घरांचं भाडं एकमेकांसारखंच असणार, ती वीस सुटी उत्तरं नव्हेत, आणि साधी क्रुस्काल-वॉलिस त्यांना सुटीच मोजते.

इथे आरचं सर्व्हे पॅकेज, थॉमस लम्ली यांचं. एकदा एसव्हीवाय-डिझाइनमध्ये पीएसयू (आधी निवडलेले क्लस्टर), स्ट्रॅटा (निवडीआधी पाडलेले विभाग), वेट सांगून टाकायचं, मग एसव्हीवाय-क्वांटाइलने प्रत्येक गटाचा मीडियन त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा), आणि एसव्हीवाय-रँकटेस्टने डिझाइन धरून रँक टेस्ट, त्यातच क्रुस्काल-वॉलिसचा आणि मीडियन टेस्टचाही पर्याय आहे. शिकायला मला वेळ लागला, एरर वाचून डोकं फिरतं, कंस एक सुटला की गेलं. पण एकदा स्क्रिप्ट बसली की पुढच्या सर्व्हेला फक्त फाइलचं नाव बदलायचं. रेप्लिकेट वेट (अंदाजातली चूक मोजायला त्याच सर्व्हेचे पुन्हापुन्हा बनवलेले वेट) बनवायचे असतील तर बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढणं) घ्या, साधा एक-एक वगळणारा जॅकनाइफ मीडियनला चालत नाही.

मीडियनमधला फरकच हवा असेल, वय-उत्पन्न धरून, तर क्वांटाइल रिग्रेशन, आरचं क्वांटरेग पॅकेज, टाऊ ०.५ (म्हणजे मधोमध, मीडियन). फक्त गट घातले तर उत्तरात येणारा आकडा, कोइफिशंट, म्हणजे थेट मीडियनचा फरक, साहेबांना समजावायला सोपं. गोल आकड्यांमुळे सोल्यूशन एकच नसेल अशी वॉर्निंग तिथेही येतेच.

दवाखान्याच्या खर्चाला मात्र यातलं काहीच लावू नका, निम्म्याहून जास्त घरांत तो शून्य असतो, म्हणजे मीडियन सगळीकडे शून्य. आम्ही किती घरांत खर्च झाला ते टक्क्यांत देतो आणि ज्यांचा झाला त्यांचाच मीडियन वेगळा.

जुन्या रिपोर्टशी ताळा करताना मीडियन जुळला आणि आयक्यूआर नाही जुळला तर घाबरू नका, एसपीएसएस (आकडेवारीचं दुसरं सॉफ्टवेअर) आणि आर क्वार्टाइल, म्हणजे आयक्यूआरच्या दोन टोकांचे आकडे, वेगळ्या सूत्राने काढतात.

बॉक्सप्लॉटबद्दल, म्हणजे मधले निम्मे आकडे चौकोनात आणि मीडियन रेघेने दाखवणाऱ्या आलेखाबद्दल, एक कुरकुर. साठ-नव्वदवर गोळा झालेल्या डेटात मीडियनची रेघ बॉक्सच्या काठालाच चिकटते आणि मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच, "मधली लाइन कुठे गेली?" जामोवीत त्यावर डेटाचे ठिपके टाकायची टिक आहे, ती मी आता कायम चालूच ठेवते.