मालवणातील एक बिनपाटीची खानावळ आणि तिचा मसाला

मालवणच्या बाजारपेठेतून धक्क्याकडे जाताना लागणाऱ्या या घरगुती खानावळीला पाटी नाही, पण विचारल्यावर कोणीही घर दाखवतो. जेवण चांगलेच आहे. तरी मला अधिक लिहायचे आहे ते इथल्या मसाल्याविषयी, कारण करोनाच्या काळात ही खानावळ तरली ती त्याच्याच जोरावर.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली, तेव्हा उन्हाळी पर्यटनाचा हंगाम तोंडावर होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबल्या, तारकर्लीची न्याहारी-निवासाची घरे ओस पडली. वर्षाच्या बेगमीची ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची मात्र घरात येऊन पडली होती. मालकीणबाईंनी ती खडखडीत वाळवली, धणे, दगडफूल, बडीशेप वेगवेगळे भाजून सगळे डंकावर कुटून घेतले आणि पाव-पाव किलोच्या पिशव्या गावातच विकायला काढल्या. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरणात राहावे लागत होते. त्यांचे डबे इथूनच जात. डबा ओट्यावर ठेवून मागे सरायचे, पैसे मोबाइलवर. परतताना तीच मंडळी मसाला घेऊन गेली आणि आज कुरिअरने तो मागवणाऱ्यांत बहुतेक तीच आहेत.

मसाल्याचा रंग गडद, तिखटपणा बेताचा आणि भाजणी एकसारखी आहे. सागुतीला, म्हणजे मटण-कोंबडीच्या रश्श्याला, तो उत्तम लागतो. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट, दाटसर कालवणाला, तिरफळे अर्थातच वेगळी घालावी लागतात. तक्रार एकच, पण साधी नाही: पिशवीवर तारीख नसते. ‘मसालो मे म्हयन्यातलोच असता, तारीख कित्याक व्हयी?’ हे मालकीणबाईंचे उत्तर शेजाऱ्याला पटेल, ठाण्याच्या गिऱ्हाइकाला नाही. छोट्या खाद्यव्यवसायाची सरकारी नोंदणी फारशी खर्चिक नाही; तो नोंदणी क्रमांक आणि तारीख छापण्यात हयगय करण्याचे कारण मला दिसत नाही.

ताटातील सुरमई ताजी असते, सोलकढी मात्र थोडी पातळ वाटली. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असताना बर्फातली सुरमई इथे वाढत नाहीत. सुका बांगडा आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, आणि मसाल्याची खरी परीक्षा त्या उसळीतच होते.